बेबाकीचा कागद

खाते उघडण्याच्या वेळी दोन्ही पक्ष समोरासमोर असतात, कागद पुढे सरकवला जातो, सही कोठे करावयाची ते बोट ठेवून दाखवले जाते, आणि थोड्याच वेळात एक मनुष्य एखाद्या संस्थेचा ग्राहक होऊन बाहेर पडतो; परंतु हेच नाते संपवावयाचे झाले म्हणजे ते कोणी, कोठे, कोणत्या कागदाने आणि किती मुदतीत संपवावयाचे याविषयी बहुतेकांच्या मनात निश्चित कल्पना नसते, आणि त्या अनिश्चिततेतूनच पुढे ध्यानीमनी नसलेल्या आकारण्या उद्भवतात. बँकेचे बचत खाते, महावितरणची वीजजोडणी, गॅसची नोंदणी, दूरध्वनी, क्रेडिट कार्ड, पीककर्ज, दुचाकीचे कर्ज, नगरपरिषदेचा नळ या सर्वांना हा प्रश्न कमीअधिक प्रमाणात लागू आहे. ग्राहक समजतो की आपण व्यवहार थांबवला म्हणजे खाते संपले. दप्तर समजते की लेखी अर्ज आला नाही म्हणजे खाते चालू आहे. आणि या दोन समजुतींमधील अंतराची भरपाई प्रत्येक वेळी ग्राहकालाच करावी लागते.

मैंदर्गीसारख्या गावातून हा प्रश्न पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे हे नगरपरिषदेचे गाव. अनेक घरांत कानडी, कचेरीत मराठी, आणि बँकेच्या छापील अर्जात इंग्रजी अशा तीन भाषांतून येथील माणसाला आपला व्यवहार पार पाडावा लागतो. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून, त्यामुळे घरातील एकदोन मुले सोलापूर, पुणे, मुंबई किंवा हैदराबादेस कामास जातात, आणि जेथे जातात तेथे मालकाच्या सांगण्यावरून एक नवे खाते उघडतात. दोन वर्षांनी कारखाना बदलतो, गाव बदलते, मोबाईलचा क्रमांकही बदलतो. खाते मात्र भोसरीच्या किंवा हडपसरच्या एखाद्या शाखेत तसेच राहते. मागे राहिलेल्या या खात्यांची संख्या कोणी मोजलेली नाही, पण ज्याला त्याला आपल्या घरातील एखादे तरी आठवेल.

रक्कम किती घेतली यापेक्षा तिचा कागद कोणाच्या हाती आहे हे अधिक महत्त्वाचे, हा अनुभव या जिल्ह्याला जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा जमावाने प्रामुख्याने सावकारांचे रोखे आणि खते हस्तगत करून जाळली. फेडलेल्या रकमेची पावती कुळाकडे नव्हती आणि न फेडलेल्या रकमेचा रोखा सावकाराकडे होता, हे त्या क्षोभाचे एक मोठे कारण होते. त्यानंतरच्या चौकशीतून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा निर्माण झाला, आणि तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला त्यांत पुणे, सातारा व अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूर होते. या कायद्याने ऋणको शेतकऱ्याला तीन गोष्टी मागण्याचा अधिकार दिला: भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा, आणि मागणी केल्यास पासबुक. आज आपण ज्याला ग्राहकाचा हक्क म्हणतो त्याचा इतका स्पष्ट उच्चार सोलापूरच्या ब्रिटिश मुलखात दीडशे वर्षांच्या आसपास मागे झाला होता, ही गोष्ट फारशी आठवली जात नाही याचा मला खेद वाटतो. त्या कायद्यात चालू व्यवहाराच्या कागदाची तजवीज होती. संपलेल्या व्यवहाराच्या कागदाचा प्रश्न पुढील पिढ्यांसाठी राहिला.

प्रथम बचत खात्याकडे वळू, कारण ते सर्वांत अधिक लोकांकडे असते आणि सर्वांत अधिक गैरसमज त्याविषयीच आहेत. पगाराचे खाते शून्य शिल्लक ठेवून चालते ही गोष्ट कामगाराला माहीत असते. परंतु पगार जमा होणे थांबल्यावर, बहुधा तीन महिन्यांनी, तेच खाते साध्या बचत खात्यात रूपांतरित होते आणि त्याला किमान शिल्लकेची अट लागू होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेथून पुढे किमान शिल्लक न राखल्याबद्दलची आकारणी, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क, लघुसंदेशांचे तिमाही शुल्क आणि या सर्वांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, अशी एकामागून एक कपात सुरू होते. खात्यात पैसे असतील तोवर ते वजा होतात. नसतील तर देण्याची नोंद दप्तरात साठत राहते आणि पुढे कधी पैसे आले की त्यांतून ती आधी वसूल होते.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०१४ मध्ये तिने निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड आकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने, जे १ एप्रिल २०१५ पासून अमलात आले, असे ठरवले की शिल्लक कमी झाल्यास बँकेने ग्राहकाला आधी कळवावे, महिन्याभराची मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे शिल्लकेत जाऊ नये. १ जानेवारी २०२४ च्या सुधारित सूचनांनी, ज्या त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाल्या, निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यास शुल्क घेऊ नये आणि त्यावर व्याज नियमाने जमा करीत राहावे असेही स्पष्ट केले. दोन वर्षे ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी हक्क सांगितला नाही तर त्यातील रक्कम २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते, पण ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क तेथेही नष्ट होत नाही. अशा बेवारस ठेवी कोणत्या बँकेत आहेत हे शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ नावाची संगणकीय सोय उपलब्ध आहे. वडील किंवा आजोबा सोलापुरात नोकरीस असलेल्या घरांनी एकदा तरी तेथे नाव घालून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र या नियमांतील उणीव कालगणनेत आहे. खाते निष्क्रिय ठरण्यास दोन वर्षे लागतात, आणि त्या दोन वर्षांत ते दप्तराच्या दृष्टीने जिवंतच असते. म्हणजे नुकसानाचा मुख्य काळ नेमका संरक्षणाच्या बाहेर राहतो. उणे शिल्लक होऊ नये या नियमाचा अर्थही सर्वत्र एकसारखा लावला जात नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते, दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये, स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊ लागले, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणांहून एकच गाऱ्हाणे आले, की जुन्या थकलेल्या आकारणीपोटी त्यांतून कपात झाली. वर्षानुवर्षे न वापरलेले खाते केवळ आधार क्रमांकाशी जोडलेले आहे म्हणून शासनाचे पैसे तेथे गेले, आणि साठलेल्या देण्याने ते आधी गिळले. पैसे कापू नयेत अशा सूचना शासनाला बँकांना द्याव्या लागल्या. ज्या बाईला त्या पैशांतून घरातील एखादी निकड भागवावयाची होती तिला आपण कोणत्या कराराने बांधलेलो होतो हे त्या दिवशी प्रथम कळले, आणि हे असे कळणे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

याच्या उलट डाकघराच्या बचत बँकेचा नियम पाहावा. १८८२ पासून चालत आलेल्या या बँकेत आज किमान शिल्लक ५०० रुपये आहे. वर्षअखेर ती नसल्यास ५० रुपये देखभाल शुल्क वजा होते, आणि शिल्लक शून्यावर आली की खाते आपोआप बंद होते. शुल्क येथेही आहे, पण त्याला तळ आहे. ज्या दिवशी खातेदाराचे काही उरले नाही त्या दिवशी खातेही उरत नाही, आणि मागे देणे साठत नाही. हे तत्त्व इतके साधे व न्याय्य आहे की ते सर्व बँकांना लावण्यात कोणती अडचण आहे ते मला समजत नाही. अलीकडे काही सार्वजनिक बँकांनी किमान शिल्लकेचा दंडच रद्द केला आहे: स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनल बँकेने जुलै २०२५ पासून. हे स्वागतार्ह असले तरी ती त्या त्या बँकेची मर्जी आहे. उद्या धोरण बदलले तर सवलत जाईल. ज्याला शिल्लक ठेवणे जमणार नाही त्याने बेसिक बचत खाते किंवा २०१४ साली सुरू झालेले जनधन खाते मागून घ्यावे, कारण तेथे किमान शिल्लकेची अट नसणे हा हक्क आहे.

कपातीचा दुसरा प्रवाह स्वयंचलित संमतीतून येतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवनज्योती व सुरक्षा विमा योजनांचे हप्ते, १ जून २०२२ पासून अनुक्रमे ४३६ व २० रुपये, दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून परस्पर वजा होतात. योजना उपयुक्त आहेत, आणि त्यांतून मिळालेल्या २ लाख रुपयांनी अनेक कुटुंबे सावरली आहेत. परंतु ज्या कामगाराची तीन गावांत तीन खाती आहेत आणि तिन्ही ठिकाणी संमतीचा अर्ज भरून घेतला गेला आहे, त्याच्याकडून हप्ते तीन जाऊ शकतात आणि विमा मात्र एकच मिळतो. जादा हप्ता जप्त होऊ शकतो असे योजनेच्या नियमांतच म्हटले आहे. दुसऱ्या बाजूने, ज्या खात्याशी विमा जोडला आहे ते खातेच बंद केले तर विमाही संपतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून खाते बंद करण्यापूर्वी त्यावर काय काय टांगलेले आहे याची मोजदाद अवश्य करावी: विमा, कर्जाचे हप्ते, आवर्ती ठेव, मोबाईलवरून दिलेल्या मासिक वर्गणीच्या संमती. कार्डावरील आवर्ती कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी असा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, आणि ती सूचना ज्या मोबाईलवर जाते तो क्रमांक बदललेला असेल तर नियमाचा काही उपयोग होत नाही.

यातही सर्वांत जपण्यासारखी गोष्ट आधारजोडणीची. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, लाडकी बहीणचा मासिक हप्ता, शिष्यवृत्ती, हे सर्व पैसे ज्या खात्याशी आधार क्रमांक अखेरचा जोडला गेला त्या खात्यात जातात. ते खाते आधी बंद केले आणि दुसऱ्या खात्याची जोडणी राहून गेली, तर हप्ता परत जातो आणि मग तहसील, बँक व सेतू यांच्यामध्ये खेपा घालाव्या लागतात. क्रम उलटा असावा: प्रथम चालू ठेवावयाच्या खात्याला आधार जोडून एक हप्ता तेथे आलेला पाहावा, नंतर जुने खाते मिटवावे. मिटवताना गेल्या काही वर्षांचा उतारा मागून घ्यावा, उरलेले धनादेश व कार्ड परत करावे, संयुक्त खाते असल्यास सर्वांच्या सह्या घ्याव्या, शिल्लक दुसऱ्या खात्यात वर्ग करवावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्का घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. उघडल्यापासून १४ दिवसांत खाते बंद केल्यास शुल्क नसते. त्यानंतर वर्षाच्या आत बंद केल्यास अनेक बँका शुल्क घेतात, वर्षानंतर बहुतेक घेत नाहीत. येथे दुसरी अडचण उभी राहते: कित्येक बँका मूळ शाखेतच अर्ज देण्याचा आग्रह धरतात, आणि मैंदर्गीच्या माणसाला एका सहीसाठी पुण्याला जाण्यास जो खर्च येतो तो खात्यातील शिल्लकेहून अधिक असतो. तो जात नाही, आणि खाते तसेच राहते.

बँकांच्या विलीनीकरणाने या गोंधळात भर घातली. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत, विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. ही तिन्ही नावे सीमाभागातील जुन्या पासबुकांवर सहज आढळतात. ज्याचे पासबुक जुन्या नावाचे आहे त्याने बँक गेली म्हणजे खाते गेले असे समजू नये. खाते नव्या बँकेत आहे, आणि त्याचे नियमही आता नव्या बँकेचे आहेत.

बँकच संपली तर काय होते याचा अनुभव सोलापूरने घेतला आहे. सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळते; ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे, त्यापूर्वी ती १ लाख होती. येथे आकारणीचा प्रश्न नसतो, पण ज्याच्या केवायसीचे कागद अपुरे आहेत त्याला आपले पैसे मिळण्यास विलंब लागतो, आणि पत्ता न बदललेला, क्रमांक न बदललेला खातेदार येथेही मागे पडतो.

कर्जाच्या बाबतीत शेवटचा कागद किती मोलाचा असतो हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पीककर्ज फेडले तरी सातबाराच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा राहतो. निल दाखला घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा, फेरफार मंजूर व्हावा, तेव्हा बोजा उतरतो. दुचाकीचे अखेरचे हप्ते भरले तरी नोंदणीपुस्तकावर वित्तसंस्थेचे नाव राहते, आणि ना-हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावाचून ते जात नाही. जमीन विकण्याच्या वेळी किंवा दुसरे कर्ज मागताना हा बोजा समोर येतो, आणि तोवर शाखाधिकारी बदललेला असतो. या क्षेत्रात मात्र अलीकडे खरी प्रगती झाली आहे. १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकान्वये, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करणे व नोंदवलेला बोजा काढून टाकणे बँकांना व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे, आणि त्यांच्या बाजूने विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ऋणकोला द्यावी लागते. पतमाहिती कंपनीच्या नोंदीत फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत ती चूक सुधारली गेली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. तडजोडीने कमी रक्कम भरून कर्ज मिटवले असेल तर ती नोंद ‘सेटल्ड’ अशी राहते आणि पुढील कर्जास आडवी येते. म्हणून तडजोडीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी हा परिणाम समजून घ्यावा.

क्रेडिट कार्डाविषयीचा नियम तर आदर्श म्हणावा असा आहे. २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, जे त्या वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाले, बाकी पूर्ण भरलेली असल्यास कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पार पाडावी लागते, आणि त्यानंतर खाते बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये कार्डधारकाला द्यावे लागतात. विनंती दूरध्वनीने, ई-पत्राने, संकेतस्थळावरून करता आली पाहिजे. टपालानेच पत्र पाठवा असे सांगून वेळ काढता येत नाही. वर्षभर न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास, संस्थेनेच बंद करावयाचे आहे. सोडून दिलेल्या खात्याचा शेवट करण्याची जबाबदारी येथे संस्थेवर टाकली गेली.

वीजजोडणीचे प्रकरण निराळे, कारण तेथे देणे माणसाबरोबरच जागेलाही चिकटते. मैंदर्गीतील घर बंद करून कुटुंब पुण्याला गेले, दिवा एकही लागला नाही, तरी महावितरणच्या बिलातील स्थिर आकार दरमहा लागत राहतो. कुलूप असल्याने रीडिंग घेता आले नाही तर सरासरीने युनिट धरली जातात. बिल न भरल्याने व्याज व विलंब आकार वाढतो. पुढे वीज तात्पुरती आणि मग कायमस्वरूपी खंडित होते, पण थकबाकी खंडित होत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने, जी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांत मागितली गेली नाही व थकबाकी म्हणून सतत दाखवलीही गेली नाही, ती वसूल करता येत नाही. हे संरक्षण वाटते तितके विस्तृत नाही, कारण बिलावर थकबाकी दर महिन्याला छापली जात असेल तर मुदत संपत नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात असे ठरवले की नियमांत तशी तरतूद असल्यास त्याच जागेला नवी जोडणी देताना आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. महाराष्ट्रात नियामक आयोगाच्या विनियमांनी या जबाबदारीला सहा महिन्यांच्या बाकीची मर्यादा घातली आहे, पण ती मर्यादा कायदेशीर वारसाला लागू नाही. म्हणजे वडिलांच्या बंद घराची संपूर्ण बाकी मुलाने द्यावयाची. कायमस्वरूपी खंडित ग्राहकांची थकबाकी इतकी साचली की २०२२ साली विलासराव देशमुख अभय योजना आणि २०२४ साली पुन्हा एक अभय योजना काढून व्याज व विलंब आकार माफ करावे लागले. ज्या प्रश्नासाठी दोन वर्षांच्या अंतराने माफी द्यावी लागते त्याचे मूळ ग्राहकाच्या लबाडीत शोधणे चुकीचे आहे. बंद घराचा मालक स्वतः येऊन अर्ज देईल ही अपेक्षाच व्यवहाराला सोडून आहे.

तथापि अर्ज देणे हाच आजचा मार्ग आहे, आणि तो अवघड नाही. जोडणी कायमची बंद करण्याचा अर्ज द्यावा, अखेरचे रीडिंग आपल्या समक्ष घेववावे व मीटरचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे, अंतिम बिल भरावे, आणि सुरक्षा ठेव त्यात वळती करून उरलेली रक्कम मागावी. आयोगाच्या सेवा-मानकांत खाते बंद झाल्यावर ग्राहकाची देणी चुकती करण्यास मुदत आणि विलंबास भरपाई नेमलेली आहे. मागितल्याखेरीज ती क्वचितच मिळते. दाद न लागल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरू जाताना हाच हिशेब त्याच्यासमोर करावा.

नळाचा प्रश्न याच जातीचा. पाणीपट्टी वार्षिक व ठोक असल्यास बंद घरावरही ती चढते, घरपट्टीबरोबर थकते आणि तिच्यावर शास्ती लागते. जोडणी तोडण्याचा अर्ज नगरपरिषदेत देऊन पोच घेतली की हे थांबते.

गॅस व दूरध्वनी यांविषयी थोडक्यात सांगता येईल. गॅसजोडणी परत करताना सिलिंडर व रेग्युलेटर देऊन टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे. आपल्या मूळ व्हाउचरवर जी अनामत लिहिली आहे ती परत मिळते, आजच्या दराची नव्हे. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत २,२०० रुपये आहे, त्यामुळे जुनी जोडणी सोडून दुसऱ्या गावी नवी घेण्यापेक्षा ती वर्ग करून घेणे हितावह. दूरध्वनीच्या सेवेसाठी नियामक प्राधिकरणाने २००९ सालीच सात दिवसांत सेवा बंद करण्याचे व ६० दिवसांत अनामत परत देण्याचे मानक ठेवले होते. आगाऊ पैसे भरून चालणाऱ्या मोबाईलमध्ये आकारणीची भीती नाही. तेथे धोका दुसरा, की सोडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि बँकेच्या दप्तरात जर तोच क्रमांक राहिला असेल तर आपले सांकेतिक आकडे परक्याच्या हाती जातात.

वर्गणी सहज घेता यावी पण सोडता येऊ नये अशा मांडणीला आता केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित प्रथा ठरवले आहे. तेरा प्रकारच्या फसव्या मांडण्यांत वर्गणीचा सापळा हा एक आहे. ज्या ग्राहक चळवळीतून असा विचार रुजला तिला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे: बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतरचा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे, आणि सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. बँकेविरुद्ध तक्रार असल्यास प्रथम बँकेकडे लेखी द्यावी, ३० दिवसांत समाधान न झाल्यास एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे विनाशुल्क दाद मागता येते. या सर्व ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: बंद करण्याचा अर्ज कोणत्या तारखेला दिला व त्याची पोच कोठे आहे.

म्हणूनच या आढाव्यातून मला जी मागणी करावीशी वाटते ती बचत खात्यापुरती आणि अगदी नेमकी आहे. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला दिवसाला ५०० रुपयांचे संरक्षण आहे, ज्याच्याकडे तारण आहे त्याला ५,००० चे आहे; परंतु ज्याच्याकडे केवळ एक बचत खाते आहे, आणि मैंदर्गीतील बहुसंख्य लोक याच वर्गात येतात, त्याला असे काहीच नाही. खाते देशातील त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत बंद करता यावे. बंद करण्याच्या अर्जाला मुदत आणि विलंबाला दिवसागणिक भरपाई असावी. ‘या खात्यावर काही येणे उरले नाही’ असा बेबाकीचा दाखला मागितल्यावाचून, ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत, त्याच्या हाती द्यावा. आणि डाकघराप्रमाणे शिल्लक शून्य झालेले, न वापरलेले खाते ठराविक मुदतीनंतर मागील देणे न ठेवता आपोआप मिटावे. यासाठी संसदेत नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ३५-अ खाली रिझर्व्ह बँकेला असा निर्देश काढता येतो, आणि कार्डांच्या बाबतीत तिने २०२२ साली तो काढलेलाच आहे.